सहकारी संस्थांचे संगणकीय दप्तर : साधनाची निवड आणि ताब्याचा प्रश्न
(विशेष संदर्भ : वारणानगर, जि. कोल्हापूर)

प्रस्तावना :
दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाला सहकारी चळवळीत प्रारंभापासून महत्त्व आहे. सभासदाच्या उसाचे वजन, त्याने उचललेले खत आणि त्याला मिळावयाची रक्कम या नोंदींवरच संस्थेविषयीचा त्याचा विश्वास उभा असतो. दप्तर संगणकावर गेल्यानंतर या प्रश्नाला दोन अंगे प्राप्त झाली : काम चालविण्यासाठी कोणते साधन निवडावे आणि माहिती कोठे ठेवावी. वारणानगरचा व त्यानंतर सहकारी बँकांना आलेला अनुभव यांच्या आधारे या दोन अंगांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वारणा प्रकल्प :
पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या नेतृत्वाखाली साखर कारखान्याभोवती दूध, बँक व शिक्षण क्षेत्रांतील संस्थांचा समूह उभा राहिला. १९९८ मध्ये केंद्र शासनाच्या पुढाकाराने येथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. त्यात कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांचा समावेश होता. तांत्रिक उभारणीची जबाबदारी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. गावोगावच्या संगणक केंद्रांतून शेतीविषयक माहिती, बाजारभाव व शासकीय सेवा पुरविण्याचा व्यापक हेतू होता. प्रत्यक्षात मात्र ही केंद्रे मुख्यतः ऊस व्यवहारासाठी वापरली गेली. कारखान्यातील नोंदी गावात पाहता आल्यामुळे शेतकऱ्याचा हेलपाटा वाचला, हा त्याचा खरा लाभ होय.

साधनातील बदल :
प्रत्यक्ष वापराच्या या निरीक्षणातूनच पुढील प्रयोग घडला. बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी गावातील संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशाचा वापर करून पाहिला. सात गावांत आठ महिने चाललेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २००७ मध्ये मांडण्यात आले. संगणक केंद्राची सर्व कामे लघुसंदेशाने होऊ शकली. ही पद्धत कमी खर्चाची व अधिक सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनीही तिलाच पसंती दिली.

या प्रयोगात बदलले ते गावातील टोकाचे साधन. मूळ नोंद पूर्वीप्रमाणेच कारखान्याच्या दप्तरी राहिली. त्यामुळे नवे साधन अयशस्वी ठरले असते, तरी सभासदाच्या वजनाच्या नोंदीस धक्का लागला नसता. कमी जोखमीचा बदल कसा असतो, याचे हे उदाहरण आहे.

दप्तराचे स्थलांतर :
पुढील काळात क्लाउड सेवांचा प्रसार झाला आणि मूळ नोंदच संस्थेच्या इमारतीबाहेर जाऊ लागली. त्यामागील कारणे सबळ होती. लहान संस्थेस स्वतःचा सर्व्हर, अखंड वीज व तज्ज्ञ कर्मचारी यांचा खर्च पेलत नाही. शिवाय कोल्हापूरसारख्या शहरात पुराचा धोका आहे. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली होती. तळमजल्यावरील सर्व्हर व त्याच खोलीतील कपाटात ठेवलेली त्याची प्रत एकाच पुरात नष्ट होऊ शकतात.

तथापि, यंत्रणा संस्थेच्या ताब्यात असली म्हणजे ती सुरक्षित असतेच, असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. याउलट जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवापुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने या कंपनीस तात्पुरते विलग केले, तेव्हा देशातील सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे पेमेंट व्यवहार एकाच वेळी थांबले. पहिल्या घटनेत एका संस्थेचे नुकसान झाले. दुसऱ्या घटनेत एका पुरवठादारामुळे अनेक संस्था एकदम अडचणीत आल्या. म्हणजेच दप्तर हलविल्याने जोखीम नाहीशी होत नाही, तिचे स्वरूप बदलते.

सेवा व्यवस्थापनाची साधने :
तक्रारी, बिघाड व यंत्रणेतील बदल यांची शिस्तबद्ध नोंद ठेवण्याची ‘आयटिल’ ही पद्धती १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश शासनात विकसित झाली. २००५ मध्ये आयएसओ २०००० हे या विषयाचे आंतरराष्ट्रीय मानक आले. अशा नोंदीसाठी आज अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांची निवड करताना किंमत व सुविधा यांची तुलना केली जाते. परंतु हे साधन कोठे ठेवले आहे, याचा विचार क्वचितच होतो. ज्या क्लाउडवर संस्थेचा व्यवहार आहे, त्याच क्लाउडवर बिघाड-नोंदीचे साधनही असेल, तर बिघाडाच्या दिवशी दुरुस्तीची कार्यपद्धती व संबंधितांचे संपर्क क्रमांकही हाती लागत नाहीत. या माहितीची छापील प्रत कार्यालयात ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

निष्कर्ष :
रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयी निर्देश जारी केले. काम दुसऱ्याकडे सोपविल्याने ग्राहकाप्रती असलेले संस्थेचे उत्तरदायित्व कमी होत नाही, हे त्यांतील मूलभूत तत्त्व आहे. वारणेचा अनुभव या तत्त्वास पूरक आहे. साधन निवडण्यापूर्वी सभासद त्याचा प्रत्यक्ष कशासाठी उपयोग करतो, हे पाहिले पाहिजे. मूळ नोंदीची एक प्रत पुरवठादारापासून स्वतंत्र, वेगळ्या ठिकाणी व अन्य सॉफ्टवेअरमध्येही वाचता येईल अशा स्वरूपात असली पाहिजे. आणि ती प्रत वापरून काम पुन्हा सुरू करता येते किंवा नाही, याची ठरावीक काळाने चाचणी घेतली पाहिजे. करार संपल्यावर माहिती किती दिवसांत व कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारावर सही करण्यापूर्वीच लेखी ठरविले पाहिजे. आपल्या उसाचे वजन विचारणाऱ्या सभासदास ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर मिळत असेल, तर दप्तर कोणाच्या ताब्यात आहे, हा जुना प्रश्न अनुत्तरितच राहिला, असे म्हणावे लागेल.