तंजावरचे सरस्वती महाल

मराठी ग्रंथसंपदेचा एक मोठा साठा कावेरीच्या काठी, तमिळ मुलखाच्या ऐन गाभ्यात आहे. तंजावरचे सरस्वती महाल हे त्याचे स्थान. त्याचा आरंभ नायक राजांच्या सरस्वती भांडारात झाला. सतराव्या शतकात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर घेतले, तेव्हा राज्याबरोबर हे ग्रंथही भोसल्यांकडे आले.

पण आज दिसणारा संग्रह मुख्यत्वे दुसऱ्या सरफोजीराजांचा. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेला हा राजा १७९८ साली गादीवर आला आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी झालेल्या तहाने त्याचे राज्य गेले. किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढीच सत्ता हाती उरली. दुसरा एखादा नेमणुकीवर ऐषारामात दिवस काढता! सरफोजींनी ग्रंथ जमविले. काशीयात्रेत पंडितांकडून पोथ्या मिळविल्या आणि युरोपातून वैद्यक, वनस्पतिशास्त्र, शिल्प या विषयांवरील छापील पुस्तके मागविली. त्यांतील कित्येकांवर त्यांची इंग्रजी सही आहे. पेशवाई अजून उभी होती, त्या काळात त्यांच्या छापखान्यात इसापनीतीचे मराठी भाषांतर देवनागरी टाइपात छापले गेले.

१८३२ साली सरफोजी वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली औरस पुत्रावाचून निवर्तले आणि गादीच संपली. ग्रंथ मात्र राहिले. तंजावरचे न्यायाधीश बर्नेल यांनी संस्कृत पोथ्यांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली. १९१८ साली संग्रह सर्वांस खुला झाला.

येथील हस्तलिखितांत संस्कृताचा वाटा सर्वांत मोठा. ताडपत्रे पुष्कळशी ग्रंथ आणि तेलुगू लिपींत आहेत. मराठी पोथ्या तीन हजारांच्या आसपास भरतात. सांगलीस १८४३ साली भाव्यांचे नाटक झाले, त्यापूर्वी सव्वाशेहून अधिक वर्षे शाहजीराजांनी तंजावरास मराठी नाटके रचली होती, हे त्यांवरून कळते. आपल्या रंगभूमीच्या इतिहासात त्यांना पानभर जागाही सहसा मिळत नाही, याचे मला नवल वाटते.

आणि मोडी कागदांचे शेकडो रुमाल! दरबाराचा रोजचा खर्च, पत्रव्यवहार, देवळांची नेमणूक, सारे त्यांत आहे. संस्कृत पोथीला वाचक कोठेही भेटतो. या रुमालांना मात्र मोडी वाचणारा आणि तंजावरी मराठीची वळणे ओळखणारा माणूस लागतो, आणि अशी माणसे आता थोडी उरली आहेत. तंजावरच्या जुन्या मराठी घरांत ही बोली अजून कानी पडते.