विद्यापीठीय इंग्रजी अध्यापनातील संमिश्र अध्ययन

संमिश्र अध्ययन ही प्रत्यक्ष वर्गातील अध्यापन आणि ऑनलाइन मंचावरील अध्ययन यांची नियोजनपूर्वक सांगड घालणारी शिक्षणपद्धती आहे. ती ब्लेंडेड लर्निंग या नावानेही ओळखली जाते. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील इंग्रजीच्या अध्यापनात श्रवण, संभाषण, वाचन व लेखन या चार कौशल्यांच्या विकासासाठी तिचा उपयोग केला जातो. व्याख्यानाची चित्रफीत मंचावर ठेवणे एवढाच तिचा अर्थ नाही. कोणता घटक स्वतंत्रपणे शिकावा व कोणता वर्गात, हा निर्णय या पद्धतीचा गाभा होय.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये प्लेटो ही संगणकाधारित अध्यापन प्रणाली सुरू झाली. पुढे तिच्यावर भाषाविषयक पाठही तयार करण्यात आले. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी विकसित केलेल्या मूडल या मुक्त आज्ञावलीची पहिली आवृत्ती २००२ मध्ये, तर गूगल क्लासरूम ही सेवा २०१४ मध्ये उपलब्ध झाली. त्यामुळे पाठ्यसामग्री, स्वाध्याय व मूल्यमापन एकाच मंचावर आणणे सोपे झाले. इंग्रजी अध्यापनातील या पद्धतीवर पीट शर्मा व बार्नी बॅरेट यांचे ‘ब्लेंडेड लर्निंग’ हे पुस्तक २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्वरूप

भाषा वापरल्याने येते. परंतु मोठ्या वर्गात त्यासाठी वेळ अपुरा पडतो. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात ५० मिनिटांची संपूर्ण तासिका संभाषणास दिली, तरी एकामागून एक बोलताना प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. चार-चार विद्यार्थ्यांचे गट एकाच वेळी बोलू लागल्यास हाच वाटा सुमारे १२ मिनिटांचा होतो. असा वेळ मोकळा करण्यासाठी व्याकरणाचे स्पष्टीकरण, उताऱ्याचे वाचन आणि ध्वनिफितींचे श्रवण हे घटक ऑनलाइन मंचावर सोपविले जातात. विद्यार्थी ध्वनिफीत आपल्या गतीने पुन्हापुन्हा ऐकू शकतो. वर्गात मग चर्चा, संवाद व लेखनाची दुरुस्ती होते. या मांडणीच्या एका प्रकारास फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात.

मराठीभाषक विद्यार्थ्यांना इंग्रजीतील उपपदांचा वापर अवघड जातो, कारण मराठीत तशी उपपदांची व्यवस्था नाही. अशा नियमाधारित घटकाचा सराव मंचावरील स्वयंतपासणीच्या प्रश्नांद्वारे करता येतो. निबंधातील युक्तिवादाची सुसंगती व शैलीची उचितता यांसाठी मात्र अध्यापकाचे मार्गदर्शन आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती

नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या दूरशिक्षणात स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रांतील संपर्कसत्रे यांचा मेळ आढळतो. ऑनलाइन साधने नसली, तरी या रचनेमागील तत्त्व संमिश्र अध्ययनास जवळचे आहे. केंद्र शासनाचा स्वयम् हा मंच २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावर इंग्रजी भाषा व साहित्य यांचेही अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या संकल्पना-टिपणात प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उर्वरित भाग प्रत्यक्ष शिकविण्याची मुभा प्रस्तावित केली. कोविड-१९ च्या काळात महाविद्यालये बंद असताना झालेले अध्यापन पूर्णतः ऑनलाइन व तातडीचे होते. त्यामुळे त्याची गणना संमिश्र अध्ययनात केली जात नाही.

मर्यादा

घरी स्वतंत्र उपकरण किंवा पुरेशी इंटरनेट जोडणी नसलेला विद्यार्थी तयारीविना वर्गात येतो आणि चर्चेतही मागे पडतो. अशा वेळी ही पद्धती विषमता कमी करण्याऐवजी वाढवू शकते. त्यावर उपाय म्हणून भ्रमणध्वनीवर उतरवून घेता येणाऱ्या लहान ध्वनिफिती, छापील टिपणे व महाविद्यालयातील संगणक कक्षाचा खुला वापर यांची सोय केली जाते. मंचावरील सामग्री तयार करणे व स्वाध्याय तपासणे यांत अध्यापकांचा बराच वेळ जातो. कार्यभारात त्याची नोंद न झाल्यास ऑनलाइन भाग केवळ औपचारिकता ठरण्याचा संभव असतो.