जुन्या घराचा रंग

जुन्या घराचे मोल ठरविणारा प्रथम पाया पाहतो, मग वासे, मग छप्पर. रंगाकडे त्याची दृष्टी जाते ती शोभेपुरती. अमेरिकेत मात्र त्याला रंगाचे पोपडेही नोंदवावे लागतात.

या सावधपणाचे मूळ ऑस्ट्रेलियात सापडते. ब्रिस्बेनच्या लाकडी घरांना ऐसपैस ओसऱ्या असत आणि त्यांच्या कठड्यांना सफेता, म्हणजे शिशाचा पांढरा रंग, दिलेला असे. प्रखर उन्हाने त्याची भुकटी होई. मुले कठड्याला धरून खेळत आणि तीच बोटे तोंडात घालीत. कुणाची दृष्टी मंदावे, कुणाचे मनगट लुळे पडे. डॉक्टर निदान शोधीत राहिले. अखेर १९०४ साली नेत्रवैद्य लॉकहार्ट गिब्सन यांनी बोट ठेवले ते या कठड्यांवर. कायदा व्हायला १९२२ साल उजाडले!

अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ साली बंदी घातली. पण बंदी नव्या डब्यांना. जुना रंग भिंतीवरच राहिला. म्हणून १९९२ च्या कायद्याने, १९७८ पूर्वीचे घर विकणाऱ्याने शिशाविषयी ठाऊक असेल ते सांगावे, असे ठरले. सरकारी हमीच्या गृहकर्जासाठी मूल्यांकन करणारा अशा घरातील सुटलेला रंग सदोष मानतो. शिसे आहे की नाही, हे तपासणे त्याचे काम नव्हे. तो रंग कोरडाच खरवडला तर विषारी धूळ घरभर पसरते, हे निराळेच.

भारतात दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. जुन्या वाड्यांची मूल्यांकने मी पुष्कळ वाचली आहेत. रंगाचा रकाना एकातही आठवत नाही.