काठी कुठे बसते?

मंडळी, काठीच्या मारामारीचा सिनेमा पाहताना एवढंच बघा, की काठी नेमकी कशावर बसते. बहुतेक वेळा ती दुसऱ्या काठीवर आपटते, खटखट आवाज होतो आणि थिएटर खूश. फिलिपिन्सच्या अर्निस विद्येत मात्र पहिलं लक्ष्य असतं समोरच्याचा हात. बोटंच निकामी झाली तर हत्यार कितीही भारी असो, ते जमिनीवर पडणार. सैनिकाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अडचण अशी, की हातावर फटका बसला की लढत दोन सेकंदांत आटोपते, आणि निर्मात्याला तर पाच मिनिटं भरायची असतात! म्हणून पडद्यावर मुख्यतः आली ती सिनावली, म्हणजे दोन काठ्यांची विणकामासारखी फिरत. हे नावच मुळी बांबूच्या विणलेल्या तट्ट्यावरून, 'सवाली'वरून पडलं. ती जोडीदाराबरोबर करायची तालीम. सिनेमानं तिचीच लढाई केली.

ही विद्या हॉलिवूडला पोचली शेतमजुरांकडून. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनच्या शेतांत राबणारे फिलिपिनो मजूर ती आपसात, परक्यांच्या नजरेआड जपत. एंजल काबालेस यांनी १९६६ साली तिथे सर्वांसाठी शाळा उघडली. त्याच गावात १९३६ साली जन्मलेले डॅन इनोसांटो हे ब्रूस लीचे शिष्य, पण शिकवणं दोन्ही बाजूंनी चाले. 'एंटर द ड्रॅगन'मध्ये भुयारातल्या लढतीत ली दोन आखूड काठ्या चालवतो. त्याआधी, १९७२ साली, 'गेम ऑफ डेथ'साठी या गुरुशिष्यांची लढत चित्रित झाली होती. इनोसांटोंकडे दोन काठ्या, लीकडे बांबूची लवचीक छडी. १९७३ च्या जुलैत ली गेला. १९७८ साली तोतये उभे करून सिनेमा कसाबसा पुरा केला गेला. त्यातलं बाकी सगळं विसरा, ती लढत तेवढी पाहा.

खुद्द मनिलात तेव्हा स्वस्त सिनेमांचा कारखानाच सुरू होता. खर्च कमी येतो म्हणून रॉजर कॉर्मनसारखे अमेरिकन निर्माते तिथे जात. सिरिओ सांतियागो त्यांना झटपट चित्रपट काढून देत. कथा म्हणाल तर आनंदच! पण रोलंड दांतेसचा 'स्टिक्स ऑफ डेथ' (१९८६) मी आवर्जून पाहायला सांगेन. हा शरीरसौष्ठवपटू अर्निस शिकला होता रेमी प्रेसास यांच्याकडे. वेताच्या काठीला पैसे लागत नाहीत, ती धरणारा मात्र शिकलेला हवा. महागड्या सिनेमांतून नेमकं हेच हरवतं.

फिलिपिन्सनं २००९ साली कायदा करून अर्निसला राष्ट्रीय खेळ ठरवलं. त्याच्या सात वर्षं आधी 'द बॉर्न आयडेंटिटी' आला होता. पॅरिसमधल्या घरात मारेकरी सुरा घेऊन येतो. नायकाच्या हाती लागतं साधं बॉलपेन. या झटापटीमागचं तंत्र फिलिपिनोच आहे, आणि ते पेन शेवटी रुततं मारेकऱ्याच्या हातात.