एक्सलचे नाक

बरेच दिवसांनी लिहायला बसलो आहे. विषय थोडा विचित्र वाटेल. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि उभी हयात इतिहास-मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाने ट्रकच्या एक्सलवर लिहावे, असे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल. माझ्याही नाही. पण कारण घडले आणि त्या निमित्ताने पन्नास वर्षांपूर्वीची एक गोष्ट वर आली. ती मला लिहिलीच पाहिजे.

झाले असे की गेल्या पावसाळ्यात नातू त्याची जुनी जीप घेऊन मित्रांबरोबर भीमाशंकरच्या बाजूला गेला होता. ओढे पार केले, फोटो काढले, घरी आला. आठवड्याने मागून घूं घूं असा आवाज येऊ लागला, म्हणून चाकणला मिस्त्रीकडे नेली. मीही सोबत गेलो (घरात बसून करायचे काय?). मिस्त्रीने मागच्या हाऊसिंगचा खालचा नट उघडला आणि ट्रेमध्ये नव्वद नंबरच्या काळपट तेलाऐवजी चक्क दुधाचा चहा पडू लागला! तेलात पाणी घुसळले गेले की असा रंग येतो म्हणे. मिस्त्रीने हाऊसिंगच्या डोक्यावरची चिखलाने लिंपलेली एक बारकी टोपी दाखवली आणि म्हणाला, "आजोबा, हा ब्रीदर. ह्याचं नाक बंद झालं होतं."

'नाक' हा शब्द ऐकला आणि मला आमचे दाजी आठवले.

दाजी म्हणजे ताईचे यजमान. पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. तेव्हा पिंपरी-चिंचवडचा सगळा माळ नुकताच कारखान्यांनी भरू लागला होता. टेल्कोने सुमंत मुळगावकरांच्या नेतृत्वाखाली 1966 च्या सुमारास इथे पाय रोवले, आकुर्डीत बजाज टेम्पो होती, आणि त्याच 1966 साली पुण्यात वाहनांच्या संशोधनासाठी एआरएआय स्थापन झाली. शेतकऱ्यांची पोरे आयटीआय करून मायक्रोमीटर हातात धरू लागली ती याच काळात. दाजी त्यांतलेच. मला चिडवायला 'गुरुजी' म्हणायचे. जेवताना ताटातल्या वाटीवर वाटी पालथी घालून मला डिफरन्शियल समजावून सांगायचे.

त्यांनी सांगितलेले सोपे करून सांगतो. मागच्या चाकांच्या मध्ये जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात क्राऊन-पिनियनचे दाते आणि तेल असते. उरलेल्या जागेत हवा. गाडी पळाली की तेल तापते, हवा फुगते. तिला वाट दिली नाही तर ती चाकाजवळच्या ऑईल सीलमधून तेलाला बाहेर ढकलते. म्हणून वर एक भोक आणि त्यावर सैलसर टोपी, सोड्याच्या बाटलीच्या बुचाएवढी. तोच ब्रीदर.

पाण्यात याच्या उलट होते. तापलेला गोळा ओढ्याच्या गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या सरांनी मला एकदा हे गणित करून दाखवले होते. 90 अंशांवरची हवा 27 अंशांवर आली तर बंद जागेतला दाब सुमारे 17 टक्क्यांनी घटतो. पाण्याच्या भाषेत बोलायचे तर जवळजवळ पावणेदोन मीटर खोलीचा जोर! एवढे लोखंड एकदम गार होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ओढ कमी असते, तरी गुडघाभर पाण्यातही गोळा पाणी पितो याचे कारण हेच. आणि ऑईल सीलची ओठासारखी कड तेल आत धरण्यासाठी आतल्या बाजूला वळवलेली असते. बाहेरून आत येणाऱ्याला ती फारशी अडवत नाही. काही टोप्यांना आत स्प्रिंग असते, ती हवा बाहेर सोडते पण आत घेत नाही. लोकांना वाटते काम झाले. प्रत्यक्षात टोपीतून न येणारे पाणी सीलमधून येते.

हा प्रश्न सैन्यांना फार लवकर भेडसावला. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गाड्या समुद्रातून चालवत न्यायच्या होत्या. त्यासाठी भोके, फटी, ब्रीदर सगळे ॲस्बेस्टॉस मिसळलेल्या ग्रीससारख्या लगद्याने बुजवले जाई, आणि किनाऱ्याला लागल्यावर ते लवकरात लवकर काढायचे असा हुकूम असे. कारण उघड आहे, बुजवलेला एक्सल पाण्यात ठीक, रस्त्यावर घातक. युद्धानंतर अमेरिकेने 1950 मध्ये एम-38 ही लष्करी जीप आणली, तिच्यात बुजवण्याऐवजी बंद भागांना नळ्या जोडून त्या वर नेण्याची पद्धत वापरली. पुढे काही लष्करी ट्रकांत तर ब्रेकच्या टाकीतली दाबाची हवाच अशा भागांत सोडण्याची सोय आली, म्हणजे पाणी आत यायचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे जीप आली ती महिंद्रांमुळे. 1945 साली कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये कंपनीचे नाव बदलले. (वर्गात ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा जागी व्हायची.) फाळणीनेच लष्करी वाहनांची संशोधन संस्था चकलाल्याहून अहमदनगरला, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरला, आणली. तिथे गाड्या चिखलपाण्यातून काढून तपासतात. आज आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला कारखान्यातूनच स्नॉर्केल येते.

पण आमच्या भीमेच्या पात्रात उतरणाऱ्या वाळूच्या ट्रकांना कसले स्नॉर्केल आणि कसल्या नळ्या. ते साधे रस्त्यावरचे ट्रक. दिवसातून चार-पाच खेपा, तापलेले एक्सल थेट पाण्यात. ब्रीदरवर वाळू आणि चिखलाचा थर.

आमच्या गावात असाच एक ट्रक होता. एरवी वाळू, सणावाराला माणसे. 1974 साली दसऱ्याला मालकाने तो खालून वरपर्यंत रंगवून घेतला. पुढे चंपाषष्ठीला गावातली चाळीसेक माणसे त्यात बसून जेजुरीला गेली. परत येताना दिवे घाटाच्या उतारावर ट्रक थांबेना. ड्रायव्हरने तो दरीकडे जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातला. कुणी गेले नाही, खंडोबाची कृपा म्हणायची. पण माझ्या चुलतीचा पाय मोडला तो कायमचा. ती पुढची सव्वीस वर्षे काठी घेऊन चालली.

गावाने निकाल लगेच दिला. ड्रायव्हर प्यायलेला होता. तो अधूनमधून प्यायचा हे खरे, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. मालकाने त्याला काढले, भावकीने बोलणे टाकले. बायकोमुलांना घेऊन तो भोसरीला गेला आणि तिथे हमाली करू लागला.

महिन्याभराने मालकाच्याच सांगण्यावरून दाजींनी एका रविवारी तो ट्रक उघडला. मी शेजारी उभा होतो. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम काढला तर लायनर तेलाने निथळत होते. उजवेही ओलसर. दाजी खाली सरपटले आणि ब्रीदर शोधू लागले. तो सापडेना, कारण चिखलाच्या थरावरून रंगाचा हात फिरला होता. स्क्रू-ड्रायव्हरने टोकरल्यावर ती टोपी दिसली. दाजी म्हणाले, "गुरुजी, ह्याचं नाक दाबलं हो. तेल जाणार कुठं?" मागची दोन चाके धरत नव्हती, पुढच्या दोनांवर सगळा भार, तीही घाटात तापून गेली. ड्रायव्हर पायाने ब्रेक दाबतच होता.

दाजींनी मालकाला तोंडावर सांगितले. मालक म्हणाला, झाले ते झाले, आता बोभाटा नको. दाजी पिंपरीला निघून गेले. मी गावातच होतो. मालक शाळेच्या समितीवर होता आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मी गप्प बसलो. नोकरी कायम झाल्यावरही गप्पच बसलो, त्याला मात्र काही कारण सापडत नाही.

तो ड्रायव्हर 1998 च्या सुमारास वारला. मालकही नाही, दाजीही नाहीत. परवा मिस्त्रीने जीपच्या एक्सलला नवी नळी लावली. तेलाने न कुजणारा पाईप, एक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताण येणार नाही इतका लांब, मध्ये कुठे झोळ नाही, वरचे टोक इंजिनाच्या खणात खाली वळवलेले, टोकाला बारीक फिल्टर. पुढच्या एक्सललाही तसेच केले. खर्च जेमतेम एका पिझ्झाचा, असे नातू म्हणाला. मी घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

गावातली बरीच नातेवाईक मंडळी आणि त्यांची मुले हा ब्लॉग वाचतात, म्हणून स्पष्ट लिहितो. त्या दिवशी त्याने घेतलेली नव्हती. जेजुरीला दुपारी तो आमच्याच पंगतीत माझ्या शेजारी जेवायला बसला होता आणि तिथून थेट स्टिअरिंगवर गेला. मोडलेल्या पायाच्या चुलतीला मी हे सांगितले असते तर तिने त्याला घरी बोलावून घेतले असते, ती तशीच होती. त्याचा मुलगा चिखलीला राहतो असे कळले आहे. येत्या रविवारी जाणार आहे.