व्हॅक्सिन मैत्री आणि यवतमाळची १२ मुले : लसीची ताकद नेमकी कशात असते?

२० जानेवारी २०२१ रोजी भारताने ‘व्हॅक्सिन मैत्री’ सुरू केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशिल्डचे दीड लाख डोस भूतानला, तर एक लाख डोस मालदीवला गेले. ‘जगाची फार्मसी’ म्हणून देशाचे कौतुक झाले.

यवतमाळमध्ये काय घडले?

अवघ्या ११ दिवसांनी, ३१ जानेवारीला, पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओ डोसऐवजी चक्क हँड सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवावे लागले. सुदैवाने सर्व जण बचावले.

लसीची कुपी कशी ओळखायची?

पोलिओच्या कुपीवर एक गोल आणि त्याच्या आत चौकोन असतो. उष्णता लागली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाइतका गडद झाला, तर लस वापरायची नसते. त्यामुळे डोस देण्याआधी ही खूण पाहावीच लागते. सॅनिटायझरच्या बाटलीवर ती नसते. बूथवर पालकही कुपी दाखवायला सांगू शकतात.

मग ताकद कशात?

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तो गावोगावच्या बूथवर योग्य थेंब योग्य तोंडात पडले म्हणून. लस बनवणे हे अर्धेच काम आहे.