सादेली काम

सादेली काम : लाकूड, हस्तिदंत, शिंग व धातू यांच्या सूक्ष्म तुकड्यांनी साधलेली भौमितिक नक्षी लाकडी वस्तूंच्या, विशेषतः लहान शोभिवंत पेट्यांच्या, पृष्ठभागावर बसविण्याची एक जडावकला. सिंध, सुरत व मुंबई ही तिची प्रमुख केंद्रे होत. एकोणिसाव्या शतकात यूरोपीय बाजारपेठेत अशा पेट्या ‘बाँबे बॉक्स’ (मुंबई-पेटी) या नावाने ओळखल्या जात.

तंत्र : नक्षीचे तुकडे एकेक करून जडविलेले असावेत, असे प्रथमदर्शनी वाटते; परंतु प्रत्यक्ष पद्धती निराळी आहे. चंदन, अबनूस, पतंग, पांढरा वा हिरवा रंगविलेला हस्तिदंत, सांबरशिंग व कथील यांच्या त्रिकोणी, चौकोनी वा गोल छेदाच्या बारीक लांब काड्या प्रथम तयार करतात. ठरलेल्या आकृतीनुसार त्या सरसाने एकत्र चिकटवून जुडी बांधतात. सरस वाळल्यावर जुडी बारीक करवतीने आडवी कापली असता प्रत्येक चकतीवर तीच आकृती उमटते. या चकत्या पेटीच्या पृष्ठावर चिकटवून घासून गुळगुळीत करतात. एका जुडीतून अनेक चकत्या मिळतात. मात्र जुडी बांधताना झालेली चूक त्या सर्वांत उतरते. त्यामुळे कारागिराच्या कौशल्याची खरी कसोटी जुडीच्या बांधणीतच लागते.

इतिहास : इराणमधील शिराझ येथील खातमकारी याच तत्त्वावर आधारलेली आहे. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही कला शिराझहून सिंधमध्ये व तेथून मुंबई व सुरतेकडे आल्याचे नमूद केले असून तिचे आगमन बरेच अलीकडचे मानले आहे. तथापि सोळाव्या-सतराव्या शतकांतील गुजरात व सिंधमधील पेटिकांवरही असे जडावकाम आढळते. त्यामुळे भारतातील तिची परंपरा त्याहून जुनी ठरते. सुरत व मुंबई येथील पारशी कारागिरांचा या व्यवसायात मोठा वाटा होता. पारशी समाजातील ‘पेटीगरा’ हे आडनाव पेट्या घडविण्याच्या धंद्याचेच निदर्शक आहे.

ब्रिटिश अमदानीत गिऱ्हाईक बदलले आणि वस्तूंचे प्रकारही बदलले. हातमोज्यांच्या पेट्या, भेटपत्रांच्या डब्या, शिवणसाहित्याच्या व लेखनाच्या पेट्या घडविल्या जाऊ लागल्या. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनात या कामाचे नमुने मांडण्यात आले. मागणी वाढली, तशी नक्षी अधिक ठोकळ व एकसुरी होत गेली. आरंभीच्या पेट्यांतील नाजूकपणा उत्तरकालीन पेट्यांत क्वचितच आढळतो.

ऱ्हास व जतन : या कलेचे सौंदर्य ज्या विविध द्रव्यांच्या संयोगावर अवलंबून आहे, तोच तिचा दुबळेपणाही होय. हवेतील आर्द्रता कमी झाली, की लाकूड आकसते, कथील आकसत नाही. परिणामी सरस सुटून तुकडे गळतात. म्हणून संग्रहालयांत अशा पेट्या स्थिर आर्द्रतेत ठेवाव्या लागतात. हस्तिदंताच्या वापरामागे हत्तींच्या शिकारीचाही प्रश्न होता. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात १९८६ मध्ये केलेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही व्यापार बंद झाला. सुरतेतील मोजक्या कारागिरांनी त्यानंतर रंगीत लाकूड, हाड व प्लॅस्टिक यांचा अवलंब करून ही कला चालू ठेवली. जुन्या पेट्यांची झळाळी या द्रव्यांत पूर्णतः येत नाही. परंतु सादेलीचे मर्म हस्तिदंताच्या मोलात नसून काड्यांच्या अचूक रचनेत आहे आणि ती रचना साध्या लाकडातही साधता येते, हे त्यांच्या कामावरून स्पष्ट होते.